साडेअकरा दिवस

एक टीबी म्हणजे साडेअकरा दिवस.

शिडीवरून खाली पाहिलं की शिडी धरणाऱ्याचा आधी भांग दिसतो, मग नाक, मग चपला.

लोणचं.

वाणगाव स्टेशनच्या बाकाखाली निळी चप्पल, एकच, डाव्या पायाची.

सुतकात दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.

रात्री अकरा वाजून चार मिनिटांनी एक कुत्रं गेटसमोरून गेलं. त्याला काही घाई नव्हती.

*

ह्या सगळ्यांची एकमेकांशी गाठ आहे, असं कोणी अंकुशला एकोणीस तारखेला सांगितलं असतं तर तो हसला असता. वीस तारखेला सकाळी त्याने बोईसरमधल्या आपल्या दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा पायरीखाली एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी.

तारापूरच्या कारखान्यांत कॅमेरे बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हा अंकुशचा धंदा. त्याच्याकडे मॅनेजर येतात, वॉचमन येतात. डोंगराकडच्या पाड्यावरची बाई कधी आली नव्हती.

"आत या ना, ताई."

"येते. काल दिवस झाले, आता चालतं," ती म्हणाली, आणि चपला काढून आत आली. "मी बुधी. झिपरूची बायको. तुमची शिडी धरली व्हती त्यानं."

"दिवस? कोणाचे?"

"त्याचेच."

*

शिडी गेल्या वर्षीची. रंगांची पावडर बनवणारा एक कारखाना, त्याच्या मेन गेटवर कॅमेरा लावायचा होता. शिडी धरायला ठेकेदाराने एक माणूस दिला. कपाळावर, हातांवर पिवळी पावडर, जणू नुकताच हळदीवरून उठून आलाय.

"झिपरूदादा, हलवू नका हां. माझं लग्न व्हायचंय अजून."

"पडा की. आमच्या पाड्यावर लंगडा नवराबी चालतो. पळून जात नाय."

अंकुश इतका हसला की हातातला स्क्रू खाली पडला. कॅमेरा चालू झाल्यावर त्याने वरूनच सांगितलं, "आता मी ह्याच्या आत बसलोय बरं का. रोज येताना हात करत जा. मी बघतो."

मस्करी होती. झिपरूने ती मनावर घेतली. त्या दिवसापासून गेटमधून आत येताना तो वर बघायचा आणि हात करायचा. पहिल्या दोन-तीन वेळा अंकुशने मोबाइलवर पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. मग पाहायचं राहून गेलं.

*

बुधीने जे सांगितलं ते तिने कोणाकोणाला आधीच सांगून झालं होतं. त्यामुळे रडणं मध्ये आलं नाही.

सात तारखेला झिपरू सकाळी कामावर गेला. दुपारी आत कसलातरी वायू सुटला. तिघांना धाप लागली. ठेकेदाराच्या टेम्पोने झिपरूला वाणगाव स्टेशनच्या बाकावर आणून टाकलं. ओळखीच्या कोणी पाहिलं म्हणून पाड्यावर निरोप गेला. आठ तारखेला सकाळी दवाखान्यात त्याने जीव सोडला. ठेकेदार म्हणतो, झिपरूने एक तारखेलाच काम सोडलं, सातला तो आमच्याकडे नव्हताच. हजेरीत नाव नाही. बरोबरचे दोघं कुठल्या गावी गेले, कोणी सांगत नाही.

तिने पिशवीतून एक निळी चप्पल काढून काउंटरवर ठेवली. "हिची जोडीदार कंपनीत हाय. पोलीस सायब पाड्यावर आला व्हता, त्याला दाखवली. सायब बोलला, चपलेवर काय नाव लिवलंय? तो सातला आत व्हता ह्याचा पुरावा आण, मंग केस घेतो. मी बोलले, हाय. अंकुशदादाकडं हाय."

अंकुशने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्याने विचारायचं ते विचारलं.

"मग ताई, इतके दिवस का थांबलात?"

"सुतक व्हतं ना. सुतकाचा पाय तुमच्या धंद्याच्या जागी कसा आणू? आन घाई कशाला करायची? माणूस जातो. कॅमेऱ्यातला कुठं जातो?"

*

मागच्या महिन्याची एकोणतीस तारीख. इंद्रजीत सरांची केबिन.

"अंकुश, तुझा हा रेकॉर्डिंगचा डबा बंद कर नाहीतर फेकून दे," इंद्रजीत सर म्हणाले. ते कारखान्याचे मॅनेजर. "काल रिअॅक्टरपाशी एक जण झोपला होता. रेकॉर्डिंग मागे नेऊन बघायला गेलो तर चित्र हलेना. तोवर तो उठून, चहा पिऊन, घरी गेला!"

"सर, डिस्क जुनी आहे. दोन टीबी जागा. फिरणारी."

"मग उडणारी बसव."

अंकुशने सरळ सांगितलं होतं, हे खरं. ठरवलेल्या खर्चात दोनातलं एकच मिळेल. मोठी घेतली तर तेवीस दिवसांचं राहील, पण शोधायला अशीच रखडेल. एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क, घेतली तर बोट लावताच उघडेल, पण एकच टीबी. अकरा-साडेअकरा दिवस. मग जुन्यावर नवं चढत जाणार.

"तू सांग. तुझा धंदा आहे."

तो विचार करत होता तो भलत्याच गोष्टीचा. सफाळ्याच्या घरून बोईसर, बोईसरहून तारापूर, आठवड्यातून तीनदा, ह्या एका डब्यापायी. चोवीस तास लिहीत राहायचं काम एसएसडीचं नाही, हेही त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "फास्टच घ्या, सर."

"झालं तर. जास्त दिवस ठेवून काय लोणचं घालायचंय?"

दोघं हसले. जुनी डिस्क अंकुशने पिशवीत टाकली. दुसरीकडे कुठे बसवता येईल म्हणून.

*

कारखान्याचं रेकॉर्डिंग त्याला दुकानातल्या कॉम्प्युटरवरून उघडता यायचं. त्याने सात तारीख टाकली.

उत्तर यायला एक सेकंदही लागला नाही. इतकं झटपट काम त्या डब्याने कधी केलं नव्हतं. सात तारीख रिकामी. आठ तारखेचा दिवस रिकामा. आठच्या रात्री अकरा वाजून चार मिनिटांपासून पुढचं होतं. पहिल्या चित्रात एक कुत्रं.

"हा कोण?" बुधीने विचारलं.

"कुत्रं आहे, ताई."

"आन झिपरू?"

त्याने सांगायला सुरुवात केली. पाटी, पाटीवर लिहायची जागा, जागा भरली की पुसून पुन्हा लिहिणं. सांगता सांगता त्याने पुन्हा पाहिलं, तर पहिलं चित्र आता अकरा वाजून सहा मिनिटांचं होतं. कुत्रंही गेलं होतं.

"कवा पुसलं?"

"परवा संध्याकाळी."

बुधीने बोटं मोजली. परवा संध्याकाळी ती पाड्यावर दिवसाचे तांदूळ निवडत बसली होती.

*

मग त्याला खणातली जुनी डिस्क आठवली. कशाला आठवली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने ती दुकानातल्या डब्याला जोडली. घरघर सुरू झाली. चक्र फिरत राहिलं. बुधी चक्राकडे बघत राहिली.

मागच्या महिन्याची अठ्ठावीस तारीख. झिपरू गेटमधून आला, वर पाहिलं, हात उचलला. तिथेच चित्र अडकलं. हात अर्धा वर. तोंड उघडं. काहीतरी बोलतही असावा.

"ह्यो बघा!" बुधी उठली. "हाय ना! ह्यो द्या मला."

"ताई, ही तारीख अठ्ठावीस. ठेकेदार तर म्हणतोय एक तारखेपासून येत नव्हता."

"माणूस तोच हाय ना?"

"माणूस तोच आहे."

"मंग तारीख बदला. तुमाला येतंय."

अंकुशला येत होतं. तपासायला दिलं की दहा मिनिटांत उघडं पडेल आणि मग तिचं खरंही खोटं ठरेल, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने नकारार्थी मान हलवली.

ती पुन्हा खाली बसली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि ते पाहून अंकुशला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मंग तुमीच चला ना सायबाकडं! तुमी बघितलंय. तो रोज बोलायचा, अंकुशदादा आत बसून बघतो. तुमी सांगा, सातला आला व्हता म्हणून."

"ताई, मी रोज नाही बघत."

"सातला?"

"नाही."

"मंग कवा बघितलं शेवटचं?"

शेजारच्या झेरॉक्सवाल्या हेतलने हाक मारली, "अंकुशभाई, चहा आलाय!"  

बुधीने निळी चप्पल पिशवीत ठेवली. ती रागावली नाही. पडद्याकडे बघत एवढंच म्हणाली, "हात तरी खाली करा त्याचा. दुखंल."

अंकुशने बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. हात खाली आला नाही. तो येईपर्यंत ती थांबली नाही.

*

सात तारखेला सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी झिपरू गेटमधून आत आला, आणि वर बघून त्याने हात केला.