देवाला मत नाही

"मला आता या जगातलं काहीएक नको," खळ्याच्या मधोमध उभं राहून पंपकाका म्हणाले. "मान नको, नाव नको. उरलेलं आयुष्य देवाच्या चाकरीत झिजवायचं, बस्स."

मका सोलत बसलेल्या काकूंनी कणसावरून नजर उचलली नाही. "मग काल चर्चमध्ये त्या खुर्चीला विती कशाला लावत होतात?"

"धूळ बघत होतो."

"विती लावून?"

काका गप्प झाले. ही घटना दुर्मिळ, म्हणून सांगितली. गावात पहिला पाण्याचा पंप त्यांनी बसवला, त्यावरून त्यांना हे नाव पडलं. दुसरं कारण असं, की तेही एकदा सुरू झाले की बंद करायचा खटका सापडत नाही. माझा बांध त्यांच्या बांधाला आणि माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे पुष्कळ गोष्टी मला न विचारता कळतात.

तर ती खुर्ची. आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना बाकं, पाळक उभे, आणि मंडळीच्या वडिलांना, म्हणजे लोकांनी निवडलेल्या वडीलधाऱ्या कारभाऱ्याला, तेवढी हातांची खुर्ची. पाळकांच्या खालोखाल त्यांचा मान. खुर्चीचं तोंड लोकांकडे, म्हणजे कोण पेंगतंय ते वडिलांना दिसतं, आणि वडील पेंगले की सगळ्यांना दिसतं. आधीचे वडील, म्हातारे कुंभारबाबा, वीस वर्षं त्या खुर्चीत पेंगले आणि हिवाळ्यात देवाघरी गेले. तेव्हापासून खुर्ची रिकामी आणि पंपकाका बेचैन.

पाळक धोरणी माणूस. त्यांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी हात वर करून वडील निवडू. मोठं व्हायची हौस वाईट नाही. पण मोठं कुणासाठी व्हायचंय, देवासाठी की स्वतःसाठी, तेवढं ज्यानं त्यानं मनाला विचारावं. माझा हात मात्र न दाखवता राबणाऱ्यासाठी वर जाईल."

झालं! दुसऱ्या दिवसापासून न दाखवता राबण्याची जी धांदल उडाली, ती शेजारच्या गावातूनही दिसली. या शर्यतीत काकांच्या बरोबरीनं धावत होता लोहार. बुधवारच्या प्रार्थनेला दोघंही नम्रपणे शेवटच्या बाकावर बसायला आले. बाकाच्या पार कोपऱ्यातली जागा, म्हणजे शेवटातली शेवटची, आपल्यालाच मिळावी म्हणून दोघांनी एकमेकांना असं रेटलं, की बाकाचा पायच मोडला. "मी दुरुस्त करतो, कुणाला सांगू नका," असं दोघंही एकदमच ओरडले.

अशात दोघांच्याही नजरेत शिंपीणबाईचं शेत आलं. शिंपीणबाई एकटी. ओल्या पायरीवरून घसरून तिचा उजवा हात मनगटात मोडला होता. हाताला प्लास्टर, त्यामुळे शिलाई बंद आणि खुरपणीही बंद. कांद्याच्या वाफ्यांत हरळी अशी माजली, की कांदा कुठला हे वाकून विचारावं लागे. त्या कांद्यावर तिचं वर्ष निघायचं. पावसाआधी तण निघालं नसतं तर तिच्या हाती नुसती पात आली असती.

"उद्या पहाटे जाऊन खुरपून देतो," काका काकूंना म्हणाले. "अगदी गुपचूप."

"जा की. बरं होईल तिचं."

"गुपचूपच. फक्त दूधवाल्याला सांगून ठेवलंय, उद्या त्या वाटेनं ये म्हणून."

"अहो, देव बघतो तेवढं पुरत नाही का?"

"देव बघतो गं. पण देवाला मत नाही. रविवारी हात वर करायला तो येणार आहे का?"

"हळू बोला," काकू म्हणाल्या, "तो ऐकतोही."

दूधवाला दूध घालतो अर्ध्या गावाला आणि बातमी सगळ्या गावाला. दुधात पाणी असतं, बातमीवर मात्र साय जाड. काकांची निवड चुकली नव्हती. चुकलं एवढंच, की लोहारानंही त्यालाच सांगून ठेवलं होतं.

पहाटे दोघं वाटेकडच्या वाफ्यावर समोरासमोर आले.

"तुम्ही इथं कसे?"

"गुपचूप आलोय."

"मी तुमच्या आधी गुपचूप आलोय!"

"मग आतल्या वाफ्यांत जा की लोहारदादा. तिकडं हरळी जास्त, पुण्य जास्त."

"पुण्य तुम्ही घ्या, वय झालंय तुमचं. वाटेकडचा वाफा मी बघतो."

"वय कुणाचं झालं?"

मग एकाच खुरप्याला दोघांचे चार हात लागले, आणि चार पाय लागले कांद्याला. आवाज ऐकून शिंपीणबाई प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून धावत आली.

"अरे, सेवा करताय की नांगर घालताय? हरळी आहे तिथंच आहे आणि पंधरा रोपं मोडलीत माझी!"

काका तिच्याकडे वळले आणि हात उडवून उडवून समजावू लागले, की चूक कुणाची. तेवढ्यात वळणावर सायकलची घंटी वाजली. लोहाराचे कान भात्याजवळ राहूनही तिखट. तो मटकन गुडघ्यावर बसला आणि खाली मान घालून खुरपू लागला. दूधवाल्यानं पाहिलं ते असं: एक माणूस घाम गाळतोय आणि दुसरा उभ्यानं एका मोडक्या हाताच्या बाईवर ओरडतोय.

सायकल दिसेनाशी झाली तशी लोहाराला आपली भट्टी आठवली. एक अख्खा वाफासुद्धा न संपवता तो गेला. काका तर त्याच्या आधीच तणतणत घरी पोचले होते.

शनिवारी बाजार, त्यात शिंपीणबाई हात दाखवायला तालुक्याला गेलेली. सगळं गाव रिकामं. दुपारी आभाळ काळंनिळं झालं.

"पाऊस येतोय," काकू म्हणाल्या. "गेला बिचारीचा कांदा."

"मला काय त्याचं? आता दूधवाला पण त्या वाटेनं जात नाही."

काकू नुसत्या दाराशी उभ्या राहून आभाळाकडे बघत राहिल्या. बायकांचं हे बघणं फार वाईट. थोड्या वेळानं मागच्या दारानं काका बाहेर पडले, खुरपं सदऱ्याखाली घेऊन, चोरी करायला निघाल्यासारखे.

मी माझ्या मक्याचं कुंपण बांधत होतो, म्हणून मला दिसलं. आधी काका वाटेकडे बघत बघत खुरपत होते. मग वाटेकडे बघणं कमी झालं. मग थांबलंच. गुडघे टेकून, कंबर धरून, एकेक वाफा करत माणूस दिवस मावळेपर्यंत पुढं सरकत गेला. पडवीत तासभर बडबडणारे काका त्या वेळी एक शब्द बोलले नाहीत. पुटपुटले असतील तर ते माझ्यासाठी नव्हतं.

परतताना त्यांना मी दिसलो. "कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. चार पावलं गेले आणि परत आले. "म्हणजे, कुणी विचारलंच तर खोटं बोलू नकोस." पुन्हा गेले. बांधापाशी बराच वेळ उभे राहिले आणि तिसऱ्यांदा आले. "नको. विचारलं तरी सांगू नकोस."

रात्री पाऊस आला.

रविवारी चर्च गच्च. पाळकांनी निवडीचं काढलं, तशी शिंपीणबाई उठली. "माझं शेत कुणीतरी आरशासारखं करून ठेवलंय. मी घरी नव्हते. ज्यानं केलं त्याला देव सुखी ठेवो."

"कुणीतरी कशाला?" दूधवाला उभा राहिला. "मी या डोळ्यांनी बघितलंय. लोहारदादा! आणि त्यांच्या डोक्यावर कोण ओरडत होतं तेही सांगतो, पण देवाघरी नको."

लोहारानं खाली बघितलं. "सगळी प्रभूची कृपा," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे त्याला पकडता येईना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. भराभर हात वर गेले. पाळकांचाही गेला. लोहार सगळ्यांशी हात मिळवून आला आणि शेवटच्या बाकावर काकांच्या शेजारी धप्पकन बसला.

"कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा," पाळक म्हणाले.

काका उठले.

पलीकडच्या बाजूला काकूंनी डोळे मिटले. काकांच्या बोटांवर हरळीचा हिरवा डाग अजून तसाच होता. नुसता हात वर केला असता तरी काम झालं असतं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग शिंपीणबाईकडे पाहिलं, ती लोहाराकडे बघून हसत होती. काकांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पंप सुरू होणार म्हणून लहानथोर सगळे सावरून बसले.

"लोहारदादा," काका म्हणाले, "जरा उठता का? माझ्या टोपीवर बसलायत."