बैलाची शिंगं

कोल्हापूरच्या महाराजांनी गावोगाव फुकट शाळा सुरू केल्या, तेव्हा जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावात बादशहा नावाच्या मास्तरांची नेमणूक झाली. पोरं पाटी घेऊन येऊ लागली; पोरी मात्र घरीच शेणी थापत. गाव हंबीररावांच्या तोंडाकडं बघून चालायचं, आणि त्यांनीच आपल्या लेकीला, तानाला, घरी ठेवलेलं. माणूस तापट. मास्तर दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरले होते.

कोल्हापुरात हेडमास्तर गणपतराव भेटले, तेव्हा बादशहा मास्तरांनी हे गाऱ्हाणं घातलं. गणपतरावांना इंग्रजी म्हणींचा भारी नाद. त्यांनी एक म्हण ऐकवली आणि म्हणाले, "म्हणजे बैलाची शिंगंच धरावीत. जा, सरळ बोलून टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव गोठ्यापुढं बैल धूत होते.

"या मास्तर. कुनीकडं?"

 मास्तरांच्या तोंडात आली ती म्हणच. "इंग्रज म्हणतात, बैलाला शिंगाला धरावं."

हंबीररावांचा हात थांबला. "त्यांनी बैल बघितलाय का कवा? शिंगाला धरलं तर आतडी भाईर काढंल. बैल वेसणीनं धरायचा."

"तसं नव्हे, दादा. अवघड काम पुढ्यात आलं की टाळत बसू नये, सरळ भिडावं, असा त्याचा अर्थ."

"आसं व्हय." ते पुन्हा बैलाची पाठ चोळू लागले. "मग तुमचं अवघड काम कोनचं?"

मास्तरांनी सरळच सांगितलं. "तुम्हीच."

आतून हंबीररावांच्या बायकोचं, झुंबरबाईंचं, हसू ऐकू आलं.

"मी बैल व्हय?"

"तानाला शाळेत घाला, एवढंच सांगायचं होतं. दोनदा आलो आणि माघारी गेलो."

"भ्या वाटलं?"

"वाटलं."

हे उत्तर हंबीररावांना आवडलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. "घरात काम लई, मास्तर. तिची आई एकटी पडती."

झुंबरबाई दारात आल्या. "मी कवा म्हटलं? जाऊ दे की पोरगीला. शेणी मी थापते."

हंबीररावांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं. "हितं तर दोघांनी दोन शिंगं धरल्यात," म्हणाले आणि मिशीत हसले.

सोमवारी ते स्वतः तानाला घेऊन भर गावातून शाळेत आले. तिला पुढं बसवलं. पण स्वतः काही जाईनात. मास्तरांनी मागं घोंगडं टाकून दिलं. तिथं मांडी घालून हंबीरराव सुट्टी होईपर्यंत बाराखडी ऐकत राहिले.