कर्नलने न ऐकलेली हाक

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही. यवतमाळच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि सुतळीने बांधलेल्या खोक्यातून, एसटीच्या टपावर बसून मी राळेगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आलो. कापसाची गाडी वजनकाट्यावर चढली, की तिचं वजन पडद्यावर दाखवायचं आणि पावती छापायची, हे माझं काम. धूळ आणि विजेचा लपंडाव यांना मी कधी भीक घातली नाही.

काट्यावर पुंडलिकराव बसत. माणूस सचोटीचा. 'पुंडलिकरावांचा काटा' म्हटलं, की कोणी दुसऱ्यांदा वजन विचारत नसे. मला त्याचा भारी अभिमान होता.

मग पडत्या भावाची वर्षं आली. कापसाला कोणी विचारेना आणि माणसं शब्दाशब्दाला चिडू लागली. त्यातच एका हंगामात माझ्यातली ऑपरेटिंग सिस्टीम नवी केली गेली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पलटणीतला मिशीवाला कर्नल नव्हे, पण हुकूम याचाच चालतो. काट्याला किंवा प्रिंटरला काही सांगायचं असलं, की ते तारेवरून कर्नलला हाक मारतात. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम बाजूला ठेवून हाकेला ओ देणं हा कर्नलचा धर्म.

नवा कर्नल आला आणि घोळ सुरू झाला. मधूनच पडद्यावरचा आकडा गोठे. गाडी बदलली तरी आकडा तोच. एके दिवशी एका शेतकऱ्याची बैलगाडी उतरली, त्याच्यामागच्या रामधनची चढली, आणि दोन्हींचं वजन अगदी एकच निघालं. रामधनची गाडी तर शिगोशीग भरलेली होती.

"पुंडलिकराव, आता तुमी बी असं करून राह्यले का?" रामधन सगळ्यांसमोर म्हणाला.

पुंडलिकरावांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि वजन नव्याने करून दिलं, पण बोलणं गावभर झालंच. मालकांनी बजावलं, की बाजाराच्या दिवसापर्यंत काटा सुधारला नाही तर तिथे दुसरा माणूस बसेल आणि मी भंगारात जाईन. माझं सोडा हो. पण त्या माणसाला चोर ठरवून उठवणार, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात मला तपासायला यवतमाळहून गुंजन आली. ती संगणकाची इंजिनिअर. यंत्र म्हातारं झालंय, फेकून द्या, असं जो तो तिला सांगत होता. तिने कोणाचं मनावर घेतलं नाही. तिने माझ्यात जुना कर्नल परत घातला, तर दिवसभर एकही आकडा अडला नाही. यंत्र ठणठणीत आहे, ती म्हणाली. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

पण नुसता जुना कर्नल ठेवून पुंडलिकरावांवरचा डाग पुसला नसता. मग जुन्या आणि नव्या कर्नलमधल्या बदलांचे तिने दोन भाग केले. एकेक भाग माझ्यात घालून पाहिला; घोळ ज्या भागात निघाला, त्याचे पुन्हा दोन. निवडता निवडता सुपात एकच खडा उरावा, तसा शेवटी एकच बदल उरला.

काटा आणि प्रिंटर यांची हाक एकाच तारेवरून येई. जुना कर्नल दोघांनाही विचारी, आणि तार शांत होईपर्यंत विचारत राही. नव्याला वेळ वाचवायची घाई. एकाचं ऐकलं, की हा परत फिरे. पावती छापताना नेमकी पुढची गाडी चढली, तर काट्याची हाक तशीच अडकून राही, आणि मग तारेवरून नवी हाक पोचतच नसे.

"काका, फाटकावर दोघांनी एकदम आवाज दिला अन् तुम्ही एकालाच ओ देऊन आत गेलात, तर दुसरा तिथंच ताटकळेल ना?" गुंजनने समजावलं. "तसंच झालंय. चूक तुमची नाही."

"हे तू सगळ्याइसमोर सांगशीन का, पोरी?" पुंडलिकराव हळूच म्हणाले.

"सांगते. पण आधी दाखवते."

बाजाराच्या दिवशी तिने पुंडलिकरावांना अंगणात, रामधनच्या शेजारी उभं केलं. माझा पडदा बाहेरच्या लोकांकडे वळवला. आधी मुद्दाम नव्या कर्नलवर वजनं घेतली. पावती छापत असताना दुसरी गाडी चढली, आणि माझ्यापाशी कोणी नसताना आकडा गोठला. मग तिने दुरुस्त केलेला कर्नल घातला. पावत्या निघत राहिल्या, गाड्या चढत राहिल्या, आणि दर गाडीला आकडा बदलत गेला. मी त्या दिवशी असा चाललो, की कारखान्यातून आजच आलोय असं वाटावं.

मालकांनी दुसरा माणूस आणला होता, तो खुर्चीकडे निघाला, तसा रामधन आडवा आला.

"पुंडलिकराव, माह्या गाडीचं वजन तुमीच करा. दुसऱ्याच्या हातचं मले नाई पाह्यजे."

पुंडलिकराव खुर्चीवर येऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

गुंजनने ती दुरुस्ती कर्नल घडवणाऱ्यांकडे पाठवली आणि त्यांनी ती स्वीकारली. माझ्यासारखी किती यंत्रं त्यामुळे मार्गी लागली असतील! आता माझ्या जागी नवा संगणक आहे आणि मी कोपऱ्यात कापडाखाली बसलेला असतो. तक्रार नाही.

एवढंच मागतो, मित्रांनो. एखादं यंत्र अडखळलं, तर त्याला लगेच भंगारात काढू नका आणि ते चालवणाऱ्याला लगेच खोटं पाडू नका. मधे काय बदललं, ते आधी शोधा. गुंजनने शोधलं नसतं, तर एका सरळ माणसाने उरलेला जन्म चोर म्हणून काढला असता, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा माझ्याच पडद्याने दिलेला असता.