मास्तरला उतारावरून आणताना

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मास्तरला फिरवायचं काम लेकीच्या गळ्यात पडलं. मास्तर म्हणजे घोडा, वय वर्षं चोवीस. बाबांच्या घोडेस्वारीच्या शाळेत त्यानं शेकडो पोरांना पाठीवर घेऊन शिकवलं, म्हणून हे नाव. पुढे शाळा बंद झाली, बाकीचे घोडे गेले, हा तेवढा घरचा म्हणून राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "याला नुसता उभा ठेवलात तर सांधे धरतील. रोज टेकडी चढू-उतरू द्या. पण सावकाश."

लेकीचं चष्म्यांचं दुकान होतं. ते नवऱ्यावर सोपवून ती आली खरी, पण उताराची तिला धास्ती होती. लहानपणी ती उतारावरच घोड्यावरून पडली होती.

"पोटाखालचा तंग पुन्हा बघ," बाबा अंगणातल्या खुर्चीतून म्हणाले. "सैल असला तर उतरताना खोगीर मानेकडे सरकतं."

"बघितला, बाबा."

"दोन बोटं जातात आत?"

"जातात."

"तुझी बोटं बारीक आहेत. परत बघ."

चढ झकास झाला. ती पुढे झुकून बसली, आयाळ धरली, आणि मास्तर जिथं दम खायला थांबला तिथं तीही थांबली. वर पोचल्यावर तिनं त्याच्या डोळ्यांवरच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "शहाणं गं माझं ते," असं तिच्या तोंडून आपसूक निघालं.

उतरायला लागली आणि खालून तोफखाना सुरू झाला.

"टाचा खाली! मागे रेलू नकोस! लगाम सैल सोड!"

बाबांचं चुकत काहीच नव्हतं. पण दर हाकेला मास्तर कान टवकारायचा आणि पाय उचलायचा. तो आवाज त्यानं जन्मभर ऐकला होता, पाळला होता. त्याची घाई वाढली, खडीवर पुढचा गुडघा दुमडला, तोल गेला. कसाबसा सावरला. लेकीनं त्याला थांबवलं. घोडं पेंड कुठं खातंय ते तिला तेव्हा कळलं.

"बाबा, गप्प बसा!"

बेचाळीस वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणत होती.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही ओरडलात की हा तुमच्याकडे धाव घेतो! आता एक शब्द नको!"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

तिनं लगाम सैल सोडला. मास्तरनं मान खाली घातली, जमीन हुंगली, एक पाय टाकला, जोखला, मग दुसरा. तो आडवा वळू लागला की ती त्याला हळूच सरळ उताराला लावायची. पाण्यानं खणून काढलेल्या तीव्र घसरणीपाशी ती खाली उतरली आणि त्याच्या खांद्याशेजारून चालत त्याला घेऊन आली. तोवर बाबा काठी टेकत कुंपणाला येऊन उभे राहिले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मास्तरनं आल्या आल्या बाबांच्या छातीवर तोंड ठेवलं.

"आता बोला," लेक म्हणाली.

"बोलू?"

"बोला ना!" दहा चुका ऐकायची तिची तयारी होती.

"घसरणीपाशी उतरलीस," बाबा म्हणाले. "मी उतरलो नसतो. हट्टानं बसून राहिलो असतो, आणि एक दिवस याला घेऊन पडलो असतो."

ती खाली बसून मास्तरच्या गुडघ्यांवर हात फिरवू लागली. कुठं गरम लागत नव्हतं, सूज नव्हती.

"उद्या सातला नेते," ती म्हणाली. "तुम्ही घरात बसायचं."

"बरं," बाबा इतक्या निमूटपणे म्हणाले की तिलाच वाईट वाटलं.

"नाहीतर असं करा," ती उठत म्हणाली, "चढावर ओरडा. चढावर चालेल. त्याला तेवढीच सोबत."

"त्यालाच का?" बाबांनी विचारलं.

लेक हसली आणि तंग सोडायला लागली.