सावरगावचा गोटा

अंबाबाईचं माहेर सावरगाव आणि सासर पांढुर्णा. मध्ये फक्त जाम नदी. वर्षभर ही मोठी सोय. मीठ संपलं तरी माहेरी जाऊन यावं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, माहेर सासरवर गोटे भिरकावतं, सासर माहेरवर, आणि नदीत रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी नातवंडं असलेली माणसंही पोरांसारखी पिसाळतात. नवरा या काठाला, भाऊ त्या काठाला, ही कसली देवीची सेवा, असं अंबाबाई लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तोंडावर म्हणत आली. ऐकतो कोण!

दोन वर्षांमागच्या गोटमारीत तिच्या नवऱ्याच्या, पुंडलिकरावांच्या कपाळावर गोटा बसला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण दवाखान्याच्या तंबूत पाय ठेवेल तर शपथ. चंडीमातेचा अंगारा लावला, दुपट्टा बांधला आणि घरी येऊन म्हणाले, "नेम सावरगावचाच होता बरं. आपल्या पोराईले असा नेम नाही." भुवईवर व्रण राहिला. ते तो मिरवत आणि अंबाबाई धुसफुसे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या संत्र्याच्या बागेत खुंट्या गाडलेल्या दिसल्या. शेजारचं शेत नागपूरच्या ऋषिकेश नावाच्या तरुणानं प्लॉट पाडायला घेतलं होतं, आणि त्याची हद्द आता बागेत शिरली होती, विहिरीसकट. विहीर गेली म्हणजे बाग गेली. पुंडलिकराव तावातावानं विचारायला गेले तर ऋषिकेशनं शांतपणे कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, खासगी मोजणीवाल्यानं हद्द मोजली, शेजारी पुंडलिकराव जातीनं हजर होते, हद्द त्यांना मान्य आहे. खाली त्यांची सही. सही इतकी हुबेहूब की पुंडलिकराव घरी येऊन बायकोलाच विचारते झाले, "केली त नसन मी?"

प्रकरण कोर्टात गेलं. त्यांची वकील दामिनी गावातलीच पोरगी. तिनं कागद वाचला आणि खुदकन हसली.

"काकू, तारीख पाहा. गोटमारीची आहे! त्या दिवशी पांढुर्ण्याचा माणूस शेतात हद्द मोजून राहिला? हे बाहेरच्या दलालाचं काम. आपल्याकडचा चोर असता त त्यानं तारीख तरी बदलली असती."

"मग जिंकलो न आपण?"

"कुठचं! काका दवाखान्यात गेले नाही, म्हणजे कागद नाही. नदीवर त्यायले पाहणारे सारे पांढुर्ण्याचे. समोरचा वकील म्हणन, गाववाले गाववाल्याचंच बोलतात. पल्याडचा माणूस पाहिजे."

अंबाबाई दुसऱ्याच दिवशी पूल ओलांडून सावरगावला गेली. तिचा थोरला भाऊ यशवंतराव ओट्यावर बसला होता. दर राखीपुनवेला हा भाऊ शपथ घ्यायचा, "अंबे, तुहे मालक, माहे भाटवे, जिथं उभे असतीन, तिकडं माहा हात उठणार नाही." तिनं सगळी हकिकत सांगून विचारलं, "दादा, तू त्या दिवशी यायले नदीत पाहिलं होतं का?"

यशवंतरावानं हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "येतो मी कोर्टात." चहाही पुरता प्यायला नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. गाव हिंदी मुलखात, म्हणून कामकाज हिंदीत, पण गोटमारीचा विषय निघाला की तिथं सगळ्यांनाच मराठी फुटते. दामिनीनं यशवंतरावाला विचारलं, "पुंडलिकराव त्या दिवशी कुठं होते?"

"नदीत. झेंड्याच्या अल्याड."

"गर्दीत ते तेच होते, हे कशावरून सांगता?"

यशवंतरावानं बहिणीकडे पाहिलं नाही. "माह्याच गोट्यानं पडले ते."

अंबाबाईनं पदर कमरेला खोचला. इतक्या राख्या, इतक्या शपथा! उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. तेवढ्यात मागून पुंडलिकरावांचा आवाज आला, "म्हणलं होतं न, नेम सावरगावचाच!" सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं.

समोरचा वकील मात्र हसला नाही. "हा बाईंचा सख्खा भाऊ आहे, साहेब. बहिणीची विहीर वाचवायला खोटं बोलतोय."

कोणी विचारलं नसताना अंबाबाई उभी राहिली. "साहेब, मी बोलू का?" न्यायाधीशांनी मान हलवली.

"खोटंच बोलायचं असतं त 'पाहिलं' म्हणला असता, पुरे होतं. बहिणीच्या कुंकवावर गोटा मारला, हे कोणता भाऊ बहिणीसमोर खोटं सांगन?"

वकील खाली बसला.

निकाल लागला. तो कागद कोर्टानं मानला नाही, खुंट्या उपटायचा हुकूम झाला आणि पुन्हा मोजायचं तर शेजाऱ्यांना रीतसर नोटीस देऊन, सरकारी माणसाकडून. ऋषिकेश व्हरांड्यात उतरल्या चेहऱ्यानं उभा होता. निम्मे प्लॉट विहिरीच्या भरवशावर विकून बसला होता बिचारा. "काकू, दलालानं सही आणून दिली, मी विश्वास ठेवला."

"सही पाहिली, माणूस नाही पाहिला तू. जमीन घ्यायची त आधी शेजाऱ्याच्या घरी चहा प्यावा, बाप्पा."

यशवंतराव फाटकापाशी चोरासारखा उभा होता. "अंबे, आता राखी बांधशीन का नाही मले?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. बहीण तुटेल हे ठाऊक असून हा माणूस तिच्या विहिरीसाठी खरं बोलला होता. तिचा राग कुठं गेला कोण जाणे. पण तसं सांगेल ती अंबाबाई कसली! "बस ऑटोत. जेवूनच जायचं," ती म्हणाली. नवऱ्याला एका बाजूला बसवलं, भावाला दुसऱ्या, आणि मधात स्वतः बसली.

बाजारात ऑटो थांबला. भाजीवाली ओरडली, "काय झालं वं, अंबाबाई, कोर्टात?"

जन्मभर गोटमारीला नावं ठेवणारी अंबाबाई अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "जिंकलो! माह्या भावाच्या गोट्यानं!"