मास्तरांचा पहिला टाका

दिवाळं काढायच्या नुसत्या कल्पनेनं माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे जावयाला पाहिल्याशिवाय कुणाला खरं वाटलं नसतं. सकाळी टॅक्सीवाला आपली उसवलेली सीट घेऊन दुकानात आला, चहा प्यायला, चार वाक्यं बोलला आणि गेला. तेव्हापासून जावयाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

जावई हे काही त्याचं नाव नव्हे. गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या मास्तरांकडे तो पोरसवदा असताना कामाला लागला, पुढे त्यांच्याच मुलीशी लग्न केलं आणि दुकानावरच्या खोल्यांत राहायला आला. तेव्हापासून अख्खा रस्ता त्याला जावईच म्हणायचा. सुरुवातीला तो चिडे, आता हाक मारली की ओ देत असे.

टॅक्सीवाला म्हणाला होता, "मी दिवाळखोर झालो, माहितीये ना? अगदी रीतसर, कोर्टात अर्ज करून. गाडी गेली आणि तिचं कर्जही गेलं. आता दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. पण फोन वाजला तर दचकत नाही रे! वजन वाढलंय बघ माझं."

वजन खरंच वाढलं होतं. त्याच्या त्या गुबगुबीत गालांकडे जावई असा बघत राहिला, जसं उपाशी माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं.

कारण जावयाच्या दाराशीही एक गाडी उभी होती. सात माणसांची, लांबरुंद, काळीभोर. तीन वर्षांपूर्वी हौसेच्या भरात कर्ज काढून घेतलेली. "ही गाडी नाही, आपलं चालतंफिरतं दुकान आहे," असं त्यानं तेव्हा घरच्यांना पटवलं होतं. अस्सल चामड्याच्या सीट तो स्वतः शिवणार, लोक त्या बघणार आणि दुकानापुढे रांग लागणार. त्यानं शिवल्या, लोकांनी बघितल्या, तोंडभरून कौतुक केलं आणि आपापल्या नव्या गाड्यांत बसून निघून गेले. त्या गाड्यांच्या सीट कंपनीतूनच अशा येत की फाटायचं नावच घेत नसत. दारात पांढरा हत्ती झुलत राहिला, तोही काळ्या रंगाचा. विकावी म्हटलं, तर गाडीची किंमत घसरलेली आणि कर्ज मात्र जागचं हललेलं नाही. गाडी जाऊनही देणं उरलंच असतं. हप्ता भरता भरता दोघांच्या नाकी नऊ आले होते.

टॅक्सीवाला गेल्या गेल्या जावयानं बायकोला रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे ओढलं.

"अहो, काय झालंय काय तुम्हाला?"

"हळू बोल. मास्तर ऐकतील. आपण दिवाळं काढू!"

बायकोनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यानं सगळं सांगितलं, तसे तिचेही डोळे मोठे होत गेले.

"म्हणजे हप्ता नाही?"

"नाही!"

"पुढच्या महिन्यातही नाही?"

"अगं, कधीच नाही! गाडी तेवढी जाईल."

"जाऊ दे मेली!" बायको म्हणाली आणि इतकी हसली की तिला तोंडावर पदर धरावा लागला. तिनं नवऱ्याचे दोन्ही हात धरून त्या अरुंद बोळकांडीत एक गिरकी घेतली, तेवढ्यात वरची एक गुंडाळी धाडकन खाली आली.

"काय पडलं?" पलीकडून मास्तरांचा आवाज आला.

"काही नाही, बाबा!"

मास्तर दाराजवळच्या स्टुलावर बसून टॅक्सीवाल्याच्या सीटवरून हात फिरवत होते. गेली दोन वर्षं त्यांना धड दिसत नव्हतं. तरी दुकानाचा रिवाज त्यांनी सोडला नव्हता. काम कुठलंही असो, पहिला टाका मास्तर हातानं घालणार, मगच मशीन चालणार. आता तो टाका तिरका पडे, कधी कधी रेघ सोडून पार बाहेर जाई. मास्तर जेवायला वर गेले की जावई ब्लेडनं तो उसवायचा आणि नीट घालायचा. वाईट वाटायचं, पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सरळ शिवणीचे. मास्तरांना याचा पत्ता नव्हता, निदान जावयाला तरी तसं वाटायचं. फक्त आपल्या स्वतःच्या गाडीतला, मास्तरांची नजर नुकतीच मंदावू लागली तेव्हाचा तिरका टाका त्यानं तसाच राहू दिला होता. ड्रायव्हरच्या सीटला, डाव्या मांडीपाशी. गाडी चालवताना त्याचा अंगठा आपोआप तिथं जायचा.

दुपारी दोघं टॅक्सीवाल्याच्या वकीलबाईंकडे निघाली. मास्तरांना सांगितलं, दोरा आणायला जातोय. दोरा आणायला बायकोनं ठेवणीतली साडी का नेसावी, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांना साडी दिसली नसावी. सळसळ मात्र ऐकू आली असणार.

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढे लोकांना बसायला एक लांबट व्हरांडा. व्हरांड्यात ओळीनं खुर्च्या होत्या आणि एकही धड नव्हती. कुठं फोम बाहेर आलेला, कुठं चिकटपट्टी मारलेली. जावई बसला आणि त्याचं बोट सवयीनं फाटक्या कडेखाली गेलं. "फोम चांगला आहे अजून," तो बायकोच्या कानात म्हणाला. बायकोनं त्याला कोपर मारलं.

बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. सफरचंद कापत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "गाडी जाईल. काही वर्षं तुम्हाला कुणी नवं कर्ज देणार नाही."

"नकोच आहे मला!" जावई जवळजवळ ओरडलाच.

"चारचौघांत नाव निघेल."

"निघू दे की. मला रस्ता जावई म्हणतो, मॅडम. त्यापेक्षा आणखी काय निघायचंय?"

बाई हसल्या. "तुमच्या नावावर काय काय आहे?"

"गाडी आणि एक शिलाई मशीन. दुकान सासऱ्यांचं, वरच्या खोल्याही त्यांच्याच."

"मशीन तुमच्या धंद्याचं आहे, ते बहुधा वाचेल. आणि कर्जाच्या कागदांवर आणखी कुणाची सही?"

इथं जावयाला भलतीच लहर आली. त्याच्या आवडीची गोष्ट होती ती, शंभरदा सांगून झालेली. तो खुर्चीच्या कडेवर सरकला.

"मॅडम, त्याची गंमतच झाली! शोरूममध्ये विक्रेत्यानं कागद पुढे केले. मी पेन उघडलं, तोच मास्तर उठले. 'थांब,' म्हणाले. 'आपल्याकडे पहिला टाका कुणाचा?' अहो, दुकानातला रिवाज तिथं शोरूममध्ये! सगळे हसायला लागले. तो विक्रेता तर इतका खूश झाला की विचारू नका. म्हणाला, 'करा की मास्तर, तुमच्यासाठी जागा आहेच इथं.' मास्तरांनी अशी ऐटीत सही ठोकली, मग मी केली. आम्ही पेढे..."

बायकोचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. तिच्याकडे बघून जावयाचंही वाक्य अर्ध्यात राहिलं. विक्रेत्याकडे मास्तरांसाठी जागा आधीपासून कशी काय होती, हा प्रश्न त्याला तीन वर्षांत पहिल्यांदा पडला.

वकीलबाईंनी सफरचंद बाजूला ठेवलं. "ते सहकर्जदार आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दिवाळखोर झालात की तुमच्यापुरतं कर्ज संपेल. पण ते नाहीसं होणार नाही. गाडी विकून जे देणं उरेल, ते सगळंच्या सगळं त्यांच्या दारात जाऊन उभं राहील."

"पण बाबांकडे काय आहे?" बायको म्हणाली. "दुकान तेवढं आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या.

सकाळपासून हवेत तरंगणारा जावई धाडकन खाली आला. आपण मोकळं व्हायचं आणि चाळीस वर्षं एका जागी बसून उभं केलेलं म्हाताऱ्याचं दुकान घालवायचं, या गोष्टीचा मघापासून आपण आनंद मानत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"दुसरा रस्ता आहे," बाई म्हणाल्या. "रटाळ आहे, पण आहे. गाडी विकून टाका. जे उरेल, त्याचे लहान हप्ते पाडून मागा. मी तसं पत्र देते. मात्र दरमहा काम हवं तुमच्या हाताला."

जावई व्हरांड्याकडे बघत होता. मग त्यानं बायकोकडे बघितलं, तर तीही तिकडेच बघत होती.

"मॅडम," ती एकदम उभी राहून म्हणाली, "या खुर्च्या कधीपासून अशा आहेत?"

"मी इथं आले त्याच्या आधीपासून."

"तुमच्या फीच्या बदल्यात एक खुर्ची शिवून देतो. आवडली तर बाकीच्या द्या." आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, गाड्यांच्या सीट फाटत नसतील, पण माणसं काय फक्त गाड्यांतच बसतात? दवाखान्यात बसतात, न्हाव्याकडे बसतात! आपण इतकी वर्षं रस्त्याकडेच तोंड करून बसलो!"

जावयाच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. वकीलबाई हो म्हणायच्या आतच त्यानं कोपऱ्यातली सर्वांत फाटकी खुर्ची उचलली होती.

दुकानाशी गाडी थांबली तेव्हा मास्तर दारातच उभे होते.

"मिळाला का दोरा? वकीलबाई काय म्हणाली?"

दोघांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कान शाबूत आहेत माझे," मास्तर म्हणाले. "रेक्झिनच्या मागे कुजबुजलं की काय ऐकू येत नाही? कधी काढायचं दिवाळं? काढा एकदाचं! महिना भरत आला की तुम्हा दोघांच्या घशाखाली घास उतरत नाही. तेही ऐकू येतं मला." त्यांचा चेहरा उजळला होता. दुकानात सकाळपासून तीन माणसं खूश होती आणि त्यातल्या दोघांना तिसऱ्याची खबरच नव्हती.

जावयानं खुर्ची खाली ठेवली. सांगणं जिवावर आलं होतं, तरी त्यानं सगळं सांगितलं.

"जाईना का दुकान," मास्तर म्हणाले. "मला आता दिसतंय कुठं."

"बाबा!" मुलगी कळवळली.

"मग काय करायचं? माझा टाका पडलाय त्या कागदावर." मग त्यांचा आवाज बदलला. मास्तर फार दुखावले की जावयाला अहोजाहो करत. "पण जावईबापू, तुम्हाला त्यात काय अवघड आहे? माझे टाके तुम्ही दोन वर्षं उसवताच आहात. मी वर जेवत असतो. खालून ब्लेडचा टिक, टिक आवाज येतो."

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरळ शिवणीचं, गिऱ्हाइकाचं, सगळं खरं होतं, पण त्यातलं एकही त्याच्या ओठांवर आलं नाही.

"चुकलो, मास्तर," तो म्हणाला. "हा नाही उसवणार. दिवाळं नाही काढायचं. गाडी उद्याच विकायला काढतो. उरलेलं मी फेडीन, दुकानाला हात लागू देणार नाही."

"कशानं फेडशील?" मास्तर पुन्हा 'तू'वर आले होते.

"या खुर्चीनं!" बायको म्हणाली आणि व्हरांडा, दवाखाना, न्हावी असं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. जावई मध्ये मध्ये भर घालत होता. बोलता बोलता त्यानं खुर्चीचं जुनं रेक्झिन काढलं, नवं कापलं, कडा जुळवल्या आणि काम मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

मास्तरांनी बोटांनी कड शोधली. सुई घातली, ओढली. टाका तिरका पडला, चांगला दोन बोटं खाली.

जावयानं ते मशीनवर घेतलं. मास्तर उठले नाहीत, जेवायला वर गेले नाहीत. मान कलती करून, श्वास धरून ते कान देऊन बसले. ब्लेड मशीनच्या फळीवरच होतं. जावयानं ते उचलून खणात टाकलं, सुई बरोबर त्या तिरक्या टाक्यावर टेकवली आणि तिथून शिवण हळूहळू वळवत रेघेवर आणली.

मशीनचा आवाज ऐकला तशी मास्तरांनी मान सरळ केली आणि म्हणाले, "दुसरी खुर्ची कधी आणतोस?"