बाकीची दोघं

"अरे, इथंच थांबतो ना आपण दर वर्षी!" लोइस म्हणाली, तोवर वळण मागं पडलं होतं.

"पुढं आहे की अजून एक जागा," मर्ल म्हणाला.

पुढची जागाही आली आणि गेली. खाली दरीत मेपलची झाडं लालभडक झाली होती. कठड्याशी म्हातारी जोडपी एकमेकांचे फोटो काढत होती. मर्लनं वेग कमी केला नाही. उतरताना घालायला म्हणून लोइसनं मांडीवर स्वेटर काढून ठेवला होता, त्याची तिनं पुन्हा घडी घातली.

वीस वर्षं ऑक्टोबरात चौघं आयोवातून निघायचे आणि मिझुरीच्या डोंगरांत ब्रॅन्सनला येऊन उतरायचे. चार-पाच दिवस गाण्या-बजावण्याचे, नकलांचे, जादूचे कार्यक्रम बघायचे, अधूनमधून डोंगर बघायचे आणि परत जायचं. पुढं मर्ल आणि त्याचा मित्र गिल, मागं लोइस आणि गिलची बायको डोरीन. गिल दर वळणावर ओरडायचा, "थांबव रे बाबा, मला लागलीय!" आणि खाली उतरला की सगळं विसरून कठड्याला रेलून उभा राहायचा. मार्चमध्ये गिल झोपेतच गेला. डोरीन मुलीकडे अ‍ॅरिझोनाला गेली, ती कायमचीच. लोइसनं फोनवर खूप गळ घातली, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दोघं जा गं. मजा करा."

मर्ल जिल्ह्याच्या रस्ते खात्यात होता, हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ हटवणारी गाडी चालवायचा. लोइस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघंही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण घरी तो दिवसभर गॅरेजमध्ये असायचा आणि ती आत, त्यामुळे आपल्यात बोलणं असं होतच नाही, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. या खेपेला गाडीत शेजारी बसून सकाळची दुपार झाली, तेव्हा लक्षात आलं. तिनं हवेबद्दल बोलून पाहिलं, मक्याच्या कापणीबद्दल बोलून पाहिलं. तो "हं" म्हणाला. मग तिनं रेडिओ लावला आणि थोड्या वेळानं त्यानं तो बंद केला.

नाश्त्याच्या हॉटेलात वाढणाऱ्या ट्रूडीनं त्यांना लांबूनच ओळखलं. "आलात का! मी म्हटलं, यंदा विसरलात की काय आम्हाला." नेहमीच्या टेबलावर तिनं चार कप मांडले. "आणि बाकीची दोघं? गाडी लावतायत वाटतं?"

मर्लनं मेनू उघडून डोळ्यांसमोर धरला. तो त्याला पाठ होता.

"गिल गेला गं," लोइस म्हणाली. "मार्चमध्ये."

"अगं बाई!" ट्रूडी मटकन खुर्चीत बसली. "आता मला छळायचं कोणी? गेल्या वर्षी म्हणतो कसा, ट्रूडी, तुझं बिस्किट चावताना माझी कवळी तुटली, आता भरपाई म्हणून लग्न कर माझ्याशी. आणि डोरीन शेजारी बसून म्हणते, घेऊन जा बाई, घोरतो फार!"

ट्रूडी हसता हसता रडायला लागली. लोइसही हसली आणि तिला एकदम बरं वाटलं. सात महिन्यांत गिलबद्दल असं कोणी बोललंच नव्हतं तिच्याशी. मर्लनं अर्धी अंडी तशीच ठेवली आणि तो उठला.

"मी गाडी काढतो."

"अरे, कॉफी तरी संपव."

तो दाराबाहेर पोचलासुद्धा. ट्रूडीनं दोन जादा कप एका बोटात अडकवून उचलले. "जा तू," ती म्हणाली. "याला एकटा नको सोडूस."

पण त्याला गाठणार कसं? दोन दिवस तो नुसता पळत होता. तलावावर गेले, तर गाडी थांबवून काच खाली केली, "बघितलंस ना?" म्हणाला आणि काच वर. धरणावर तेच. गुहेच्या तिकिटांच्या रांगेतून तो परत फिरला. व्हायोलिन वाजवणाऱ्या कुटुंबाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला त्याचे गुडघे हलायला लागले. पाणी पिऊन येतो म्हणून जो गेला, तो लोक बाहेर पडेपर्यंत दरवाज्यापाशीच उभा.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला थिएटरच्या दारातच तो म्हणाला, "तू बघ. मी जरा मोकळ्या हवेत बसतो."

"गेल्या वर्षी याच नकला बघून हसताना तुला ठसका लागला होता."

"ते गिल हसायचा म्हणून."

"मग इतकी वर्षं तू त्याच्याबरोबर येत होतास?" लोइसचा आवाज चढला. मागच्या रांगेतल्या बायका गप्प झाल्या. "आणि मी कोण होते रे? डब्यातून सँडविच काढून देणारी?"

"इथं नको, लोइस."

"मग कुठं? गाडीत तू बोलत नाहीस, खोलीत बोलत नाहीस. कुठं बोलू ते तरी सांग!"

त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर पडला. लोइस एकटीच जाऊन तिसऱ्या रांगेत बसली.

मध्यंतरापूर्वी निवेदकानं नेहमीचा प्रकार केला. सभागृहातले दिवे लावले आणि सगळ्या जोडप्यांना उभं राहायला सांगितलं. दहा वर्षांच्या आतले बसा, वीसच्या आतले बसा, असं करत शेवटी जी जोडी उरेल तिला बक्षीस. लोइस बसूनच होती. मग तिला दारातलं बोलणं आठवलं. माझंही लग्न झालंय की, असं मनाशी म्हणत ती तिरीमिरीत उभी राहिली.

चाळीसच्या आतले बसले, तेव्हा सभागृह बरंच रिकामं दिसायला लागलं. पन्नासला पाच-सहा जोड्या उरल्या. शेवटी बावन्नच्या आतले बसा म्हटल्यावर पुढच्या रांगेतलं एक जोडपं खाली बसलं आणि प्रकाशाचा झोत लोइसवर आला.

"बावन्न वर्षं!" निवेदक माइक घेऊन खाली आला. "आणि आपले यजमान कुठं आहेत, बाईसाहेब?"

"तो... तो नाहीये," लोइस म्हणाली.

निवेदकानं छातीवर हात ठेवला. "आहेत, बाईसाहेब. वरून बघतायत ते तुमच्याकडे." आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक एकेक करून उठून उभे राहिले. शेजारच्या अनोळखी बाईनं लोइसचा हात घट्ट धरला. तो बाहेर गाडीपाशी आहे हो, असं सांगायला लोइसनं तोंड उघडलं, पण माइक दुसरीकडे गेला होता आणि हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी आली होती. ती डोळे पुसायला लागली. हे नाटक नव्हतं. त्या क्षणी तिला खरंच वाटलं, की मर्ल गेला आणि आपण त्याच्याशी काहीच बोललो नाही.

मध्यंतर होताच ती बाहेर आली. मर्ल गाड्यांच्या रांगांमधून येरझारा घालत होता. तिला बघून तो थांबला.

"काय झालं? रडतेयस का?"

"तू मेलास," लोइस म्हणाली.

"काय?"

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. "आणि तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले."

मर्लच्या नाकातून एकदम हसू फुटलं, पण लगेच विरलं. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि तो आत बसला. तीही बसली.

"टाळ्या बऱ्याच पडल्या का?"

"उभे राहिले सगळे."

"गिलला सांगायला हवं होतं हे," तो म्हणाला. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिला. "मला गाडी थांबवली ना, की वाटतं, आता हा बोलेल काहीतरी. म्हणून थांबवत नाही मी."

लोइसनं बरणी पायाशी ठेवली. "मलाही डोरीनशिवाय सुचत नाही," ती म्हणाली. "तुझ्याशी काय बोलायचं तेच कळत नाही मला, मर्ल. सगळं तिच्याशीच बोलून संपायचं."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शेजारच्या खुर्चीतली बाई होती. "तुमचा स्कार्फ राहिला होता हो," असं म्हणत ती वाकली आणि ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या मर्लकडे बघून थबकली.

मर्लनं टोपी उचलली. "मी त्यांचा दीर."

बाई निघून गेली. लोइसनं तोंडावर स्कार्फ दाबला. तिचे खांदे हलत होते. मर्लला ती रडतेय की हसतेय ते कळेना, म्हणून त्यानं स्कार्फ बाजूला करून पाहिलं आणि मग तोही मोठ्यानं हसला.

हसणं ओसरल्यावर त्याचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. त्यानं तो मागं घेतला.

"तुझ्या आधी कोण बसलं?" त्यानं विचारलं.

"कधी?"

"उभं राहायच्या वेळी. शेवटचं जोडपं."

"होतं एक. कॅन्सासचं असेल," लोइस म्हणाली. "म्हातारा फार थकला होता रे. पाय कापत होते त्याचे. पण हात कसे, सैनिकासारखे सरळ ठेवलेले. मी त्यांच्या मागच्या बाजूला होते म्हणून मला दिसलं."

"काय दिसलं?"

"बायकोनं मागून त्याचा पट्टा मुठीत धरला होता. कोट मागून जरासा उचलून, कुणाला कळू नये असा. तिची बोटं पांढरी पडली होती. आणि तोंडानं हसत होती समोर बघून."

मर्ल तिच्याकडे वळून बसला.

"मग?" तो म्हणाला.